जुन्या आउटबोर्ड मोटरींच्या सुट्या भागांचा शोध

नावेच्या मागच्या फळीला अडकवायचे आणि काम झाले की सोडवून घरी न्यायचे, असे सुटे इंजिन म्हणजे आउटबोर्ड मोटर. या यंत्राचा व्यापारी इतिहास आता शंभराहून अधिक वर्षांचा झाला आहे. अमेरिका, कॅनडा व ब्रिटनमधील तळ्यांवर आणि खाड्यांमध्ये १९५० च्या दशकात तयार झालेल्या मोटरी आजही चालताना दिसतात. त्या बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या मात्र बुडाल्या, विकल्या गेल्या किंवा दुसऱ्या कंपनीत विलीन झाल्या. असे असताना या मोटरींना लागणारे पॉइंट, कॉइल, इम्पेलर आणि ऑइल सील येतात कोठून? काही मोटरींना हे भाग सहज मिळतात आणि तुलनेने नव्या असलेल्या काही मोटरी एका लहानशा गिअरअभावी भंगारात जातात, असे का होते?

मोटर किती जुनी आहे, यापेक्षा तिचे भाग आणखी किती मोटरींना बसत होते, यावर तिचे आयुष्य ठरते, असे या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर देता येईल. हा हिशेब समजला की शोध कोठून सुरू करावा, तेही समजते.

एक कारखाना, अनेक नावे

सुट्या भागांचा शोध इतिहासापासूनच सुरू करावा लागतो, कारण मोटरीच्या झाकणावरचे नाव हे तिच्या निर्मात्याचे नाव असेलच असे नाही. नॉर्वेतून लहानपणी अमेरिकेत आलेल्या ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये मिलवॉकी येथे आपली मोटर विक्रीस आणली. ती दीड अश्वशक्तीची होती आणि तिचे वजन ६२ पौंड होते. तिच्या आधी कॅमेरॉन वॉटरमन यांची मोटर बाजारात आली होती. परंतु हे यंत्र सर्वसामान्य नावाड्यापर्यंत पोहोचवण्याचे श्रेय एव्हिनरूड यांनाच दिले जाते. पुढे त्यांनी ती कंपनी सोडली आणि १९२० च्या दशकाच्या आरंभी अॅल्युमिनियमचा सढळ वापर केलेली, वजनाने हलकी अशी ‘एल्टो’ मोटर आणली. १९२९ मध्ये एव्हिनरूड, एल्टो आणि लॉकवुड या तीन कंपन्या एकत्र आल्या. १९३० च्या दशकाच्या मध्यास त्यांची प्रतिस्पर्धी असलेली जॉन्सन ही कंपनीही त्यांना येऊन मिळाली. आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन, म्हणजे ‘ओएमसी’, या नावाने पुढे प्रसिद्धीस आलेला उद्योग तो हाच.

या विलीनीकरणाचा फायदा आजच्या शोधकर्त्याला होतो. जॉन्सन आणि एव्हिनरूड ही नावे दुकानात वेगळी राहिली, विक्रेतेही वेगळे राहिले. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर झाकणाखालचे यंत्र हळूहळू एकच होत गेले. १९५० च्या दशकातील तीन अश्वशक्तीची छोटी मोटर जॉन्सनच्या यादीत ‘जेडब्ल्यू’ होती, तर एव्हिनरूडच्या यादीत ‘लाइटविन’. रंग आणि झाकण वेगळे असले तरी आतील बहुतेक भाग समान होते. त्यामुळे जॉन्सनसाठी भाग शोधणाऱ्याने एव्हिनरूडची यादीही पाहिली पाहिजे.

मोठ्या दुकानांनी स्वतःच्या नावाने विकलेल्या मोटरींबाबत गोंधळ अधिक होतो. सीअर्स या दुकानसाखळीच्या अनेक ‘एल्गिन’ मोटरी प्रत्यक्षात विस्कॉन्सिनमधील वेस्ट बेंड कंपनीने बनवल्या होत्या. मॉन्टगोमेरी वॉर्डच्या काही ‘सी किंग’ आणि गुडइयरच्या ‘सी बी’ मोटरी ओएमसीच्याच गेल विभागातून आल्या. वेस्ट बेंडचा मोटर विभाग १९६५ मध्ये क्रायस्लरने घेतला आणि क्रायस्लरचा हा व्यवसाय १९८० च्या दशकात पुन्हा दुसऱ्या हाती गेला. ‘एल्गिनचे पार्ट हवेत’ असे सांगितल्यास दुकानदार नकारार्थी मान हलवतो. तोच भाग वेस्ट बेंड किंवा क्रायस्लरच्या नावाने मागितल्यास सापडण्याची शक्यता बरीच वाढते.

आधी ओळख, मग खरेदी

म्हणूनच कोणताही भाग मागवण्यापूर्वी मोटरीचा मॉडेल क्रमांक निश्चित करणे आवश्यक ठरते. तो बहुधा नावेला अडकवण्याच्या पकडीवर बसवलेल्या पट्टीवर असतो. ही पट्टी गंजून किंवा निघून गेली असल्यास ओएमसीच्या अनेक मोटरींत आणखी एक जागा पाहता येते. इंजिनाच्या मुख्य ओतकामात एक गोल धातूची चकती ठोकून बसवलेली असते. तिच्यावर मॉडेल क्रमांक कोरलेला आढळतो. रंगाचे थर हलक्या हाताने काढले की तो वाचता येतो. सीअर्सच्या मोटरींच्या क्रमांकात टिंबापूर्वी जे तीन आकडे असतात, ते मूळ निर्मात्याची खूण असतात.

१९८० नंतरच्या जॉन्सन आणि एव्हिनरूड मोटरींसाठी ओएमसीने एक गमतीशीर पद्धत अवलंबिली. ‘इंट्रोड्यूसेस’ या इंग्रजी शब्दातील दहा अक्षरांना अनुक्रमे एक ते नऊ आणि शेवटी शून्य अशा किमती देण्यात आल्या. म्हणजे आय एक, एन दोन, टी तीन, आर चार, ओ पाच, डी सहा, यू सात, सी आठ, ई नऊ आणि एस शून्य. मॉडेल क्रमांकाच्या शेवटच्या भागात वर्षाची दोन अक्षरे असतात. तेथे ‘सी’ आणि ‘आर’ अशी जोडी दिसली तर ती मोटर १९८४ ची समजावी.

मॉडेल समजल्यावर त्या वर्षाची सुट्या भागांची पुस्तिका मिळवावी. या पुस्तिकेत यंत्राचा प्रत्येक भाग सुटा करून चित्रात दाखवलेला असतो आणि त्याच्यासमोर क्रमांक दिलेला असतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. कारखान्याने एखाद्या भागात किरकोळ सुधारणा केली की जुना क्रमांक रद्द होऊन नवा क्रमांक येई. कित्येकदा हा बदल तीन-चार वेळा झालेला असतो. १९५६ च्या पुस्तिकेतील क्रमांक आज कोणत्याच यादीत नसला, म्हणजे तो भाग नाहीसा झाला असे नव्हे. तो वेगळ्या क्रमांकाने विकला जात असू शकतो. क्रमांकांची ही साखळी जुळवणे हेच या शोधातील निम्मे काम असते.

सहज मिळणारे भाग

ओएमसीच्या लहान दोन-सिलिंडर मोटरी आजही इतक्या संख्येने चालतात, याचे एक प्रमुख कारण त्यांच्या फ्लायव्हीलखाली दडलेले आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९७० च्या दशकापर्यंत कंपनीने या मोटरींना जवळजवळ एकच मॅग्नेटो बसवला. तीन अश्वशक्तीच्या मोटरीपासून चाळीस अश्वशक्तीच्या मोटरीपर्यंत त्याच दोन कॉइल, तेच पॉइंट आणि तेच कंडेन्सर. जुन्या कॉइलचे वेष्टण कालांतराने तडकते आणि ठिणगी मिळेनाशी होते. या वयाची मोटर सुरू न होण्याचे हे नेहमीचे कारण आहे. परंतु एकच कॉइल लाखो मोटरींना लागत असल्याने सिएरासारख्या सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांना ती बनवणे परवडते. मूळ कंपनी राहिली नाही, तरी मागणी राहिली. आणि मागणी राहिली म्हणून भागही राहिला.

हा भाग बदलण्याचे काम फारसे अवघड नाही, मात्र पद्धतशीर करावे लागते. फ्लायव्हील निमुळत्या दांड्यावर घट्ट बसलेले असते. ते पुलरनेच काढावे. हातोडीचे घाव घातल्यास क्रँकशाफ्टच खराब होतो आणि तो सहजासहजी मिळत नाही. पॉइंटमधील अंतर या मोटरींना ०.०२० इंच, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर ठेवावे लागते.

दुसरा हमखास झिजणारा भाग म्हणजे पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर. इंजिन थंड ठेवणारे पाणी हा इम्पेलर खालून वर ढकलतो. मोटर वर्षानुवर्षे पडून राहिली की त्याच्या पाकळ्या एका बाजूला वाकून कडक होतात. बाहेरून मोटर नवी दिसत असली तरी जुना इम्पेलर बदलल्याशिवाय ती चालवू नये, असे जाणकार सांगतात. प्रचलित मॉडेलांचे इम्पेलर, ऑइल सील, गॅस्केट आणि कार्ब्युरेटरचे संच आजही तयार होतात.

‘कोरा’ भाग म्हणजे चांगला भाग, असे मात्र समजू नये. एखाद्या बंद पडलेल्या दुकानाच्या माळ्यावरून मूळ कंपनीच्या वेष्टणातील माल निघतो, तेव्हा शोधणाऱ्याला खजिना सापडल्यासारखे वाटते. गिअर, पिस्टन, रिंग किंवा बोल्ट यांच्या बाबतीत ते खरेही असते. परंतु रबर आणि कॉइलचे वेष्टण डब्यातही म्हातारे होते. साठ वर्षे जपून ठेवलेल्या ओरिजिनल इम्पेलरपेक्षा मागच्या वर्षी बनलेला लोकल इम्पेलर अधिक भरवशाचा असतो.

इंधनाने आणलेले बदल

काही भाग मिळूनही उपयोग होत नाही, कारण भोवतालची परिस्थिती बदललेली असते. जुन्या कार्ब्युरेटरमध्ये बुचाच्या लाकडाचा तरंगक असे आणि त्यावर लाखेचा लेप असे. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. अमेरिकेत दहा टक्के मिश्रण सर्वत्र रूढ आहे. भारताने २० टक्क्यांचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. लेप गेला की तरंगक पेट्रोल शोषून जड होतो आणि कार्ब्युरेटर ओसंडू लागतो. त्यामुळे दुरुस्ती करणारे आता तरंगकावर इंधनाला दाद न देणारा लेप देतात किंवा चटकन चिकटणाऱ्या गोंदाचा पातळ थर चढवतात. जुन्या रबरी नळ्याही याच कारणाने बदलाव्या लागतात.

इंधनाच्या टाकीचाही प्रश्न असतो. १९४९ मध्ये जॉन्सनने गिअर बदलण्याची सोय असलेली आणि वेगळी टाकी लागणारी दहा अश्वशक्तीची मोटर आणली. या पद्धतीत दोन नळ्या असत. एका नळीतून इंजिनाचा दाब टाकीत जाई आणि त्या दाबाने दुसऱ्या नळीतून पेट्रोल इंजिनाकडे येई. पेट्रोलची दाबाखालील टाकी साठ-सत्तर वर्षांनी गळू लागली तर ते धोक्याचेच. म्हणून अनेक जण या मोटरींना नंतरच्या काळातील इंधनपंप बसवतात आणि साधी एकनळी टाकी वापरतात. संग्राहकांच्या दृष्टीने हा मूळ स्वरूपात केलेला बदल ठरतो. नावेत बसणाऱ्याच्या दृष्टीने तो शहाणपणा असतो.

तेलाच्या प्रमाणाबाबतही दक्षता हवी. साधारणपणे १९६४ पूर्वीच्या ओएमसी मोटरींना चोवीस भाग पेट्रोलला एक भाग तेल लागते, कारण त्यांच्यातील अनेक बेअरिंगना या तेलाचाच आधार असतो. नंतरच्या मोटरींना पन्नासास एक हे प्रमाण चालते. तेल मात्र पाण्यावरील इंजिनांसाठीचे, ‘टीसी-डब्ल्यू३’ दर्जाचे वापरावे. स्कूटरसाठी बनवलेले टू-स्ट्रोक तेल हवेने थंड होणाऱ्या, अधिक तापणाऱ्या इंजिनाला डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असते.

न मिळणारे भाग

ज्या भागांची मागणी थोडी आणि घडण अवघड, ते भाग नव्याने कोणी बनवत नाही. गिअर, क्रँकशाफ्ट, सिलिंडरचे ओतकाम आणि झाकणे ही त्यांची उदाहरणे. थंड प्रदेशांत आत राहिलेले पाणी गोठून ओतकाम तडकते, तर समुद्रावर खाऱ्या पाण्याने स्टीलचे बोल्ट अॅल्युमिनियममध्ये जखडून बसतात आणि खोलताना तुटतात.

अशा वेळी दात्या मोटरीचा आधार घेतला जातो. एकाच मॉडेलच्या दोन-तीन नादुरुस्त मोटरी विकत घेऊन त्यांतून एक चालती मोटर उभी करायची, ही पद्धत जुन्या स्कूटरी सांभाळणाऱ्यांना आपल्याकडेही परिचित आहे. दाती मोटर घेताना तिचे बाह्यरूप दुय्यम मानावे. फ्लायव्हील हाताने मोकळे फिरते का, दोन्ही सिलिंडरमधील दाब जवळपास सारखा आहे का, गिअरच्या पेटीतील तेल दुधाळ झाले आहे का, या तीन तपासण्या अधिक महत्त्वाच्या. तेल दुधाळ असणे याचा अर्थ पाणी आत शिरले आहे आणि गिअर व बेअरिंग गंजले असण्याची शक्यता आहे.

शेवटचा मार्ग म्हणजे भाग घडवून घेणे. बुशिंग, पिन, दांडे लेथवर कातून मिळतात. गॅस्केट कागदापासून कापता येते. लहान ओतकामासाठी नमुना तयार करून ओतारीकडे देता येतो. मात्र प्रत्येक नग स्वतंत्र घडवावा लागत असल्याने खर्च मोटरीच्या किमतीच्या पुढे जातो. येथे आर्थिक हिशेब संपतो आणि जिव्हाळ्याचा हिशेब सुरू होतो.

या कामी छंदिष्टांच्या संघटनांचा मोठा आधार असतो. अमेरिकेत १९६५ पासून ‘अँटिक आउटबोर्ड मोटर क्लब’ कार्यरत आहे. तिच्या शाखांच्या मेळाव्यांत मोटरी पाण्यात उतरवल्या जातात आणि सुट्या भागांची देवघेव होते. कोणता भाग कोणत्या मोटरीला चालतो, याची माहिती अनेकदा पुस्तिकेपेक्षा अशा सभासदांकडेच अधिक असते.

सीगलचा धडा

ब्रिटनमधील सीगल मोटरीचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. १९३१ पासून बनू लागलेल्या या मोटरीचा कारखाना पुढे पूल या बंदराच्या गावी होता. झाकण नसलेले इंजिन, उघडे फ्लायव्हील आणि त्याला दोरी गुंडाळून जोराने ओढायची, अशी तिची रचना. दिसायला ओबडधोबड, आवाजाने कर्कश. पण दशकानुदशके तिच्यात फारसे मूलभूत बदल झाले नाहीत. त्यामुळे एका दशकातील अनेक भाग दुसऱ्या दशकातील मोटरीला चालतात. उत्पादन १९९६ मध्ये थांबले, तरी ब्रिटनमध्ये तिच्या सुट्या भागांचा व्यवहार थांबलेला नाही. ज्या साधेपणामुळे ती आधुनिक मोटरींपुढे मागे पडली, त्याच साधेपणाने तिला मरणोत्तर आयुष्य दिले.

कंपनी जाते तेव्हा

ओएमसीने डिसेंबर २००० मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. जॉन्सन आणि एव्हिनरूड ही नावे २००१ मध्ये कॅनडातील बॉम्बार्डिए उद्योगाकडे गेली. पुढे या व्यवसायाची वारस ठरलेल्या बीआरपी कंपनीने मे २०२० मध्ये एव्हिनरूड मोटरींचे उत्पादनही बंद केले. १९०९ मध्ये सुरू झालेली परंपरा अशा रीतीने संपुष्टात आली.

या घटनांचा फटका १९५५ च्या मोटरीपेक्षा अलीकडच्या मोटरींना अधिक बसण्याची चिन्हे आहेत. जुन्या मोटरीत पॉइंट आणि कॉइल असतात. ते कोणीही बनवू शकतो. नव्या मोटरीत त्याच मॉडेलसाठी बनवलेला संगणकीय नियंत्रक आणि त्यातील आज्ञावली असते. कंपनीने तो पुरवणे थांबवले तर लेथवर तो कातून मिळणार नाही. नव्या वस्तूपेक्षा जुनी वस्तू दुरुस्त करणे सोपे, असा हा उलटा न्याय आहे आणि तो केवळ नावांच्या इंजिनांपुरता मर्यादित नाही.

दुसरी बाजू

अर्थात, जुन्या मोटरी सांभाळण्याला पर्यावरणाच्या दृष्टीने गंभीर आक्षेप आहे. जुन्या टू-स्ट्रोक मोटरीतून सुमारे पाव हिस्सा इंधन न जळताच पाण्यात आणि हवेत जाते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९६ मध्ये नव्या मोटरींसाठी नियम केले आणि ते १९९८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. ताहो सरोवरावर तर १९९९ पासून कार्ब्युरेटर असलेल्या टू-स्ट्रोक मोटरींवर बंदी आली. पिण्याच्या पाण्याच्या साठ्यावर रोज चालवण्याचे हे यंत्र नव्हे, हे तिच्या चाहत्यांनीही मान्य करायला हवे. वर्षातून काही तास चालणारी जपणूक आणि रोजचा वापर यांत फरक केला पाहिजे.

आपल्या किनाऱ्यावर

भारतात आउटबोर्ड मोटर हा छंदाचा विषय नाही. ती पोटापाण्याची गोष्ट आहे. केरळच्या किनाऱ्यावर पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवल्या जाणाऱ्या मोटरी १९८० च्या दशकापासून मासेमारीत रुळल्या. कोकणातील खाड्यांतही लहान होड्यांना आउटबोर्ड मोटरी लावल्या जातात. येथे मोटर एक दिवस बंद राहिली तर त्या दिवसाची मासळी जाते. त्यामुळे सुट्या भागांचा हिशेब येथे मोटर विकत घेतानाच करावा लागतो. किंमत आणि अश्वशक्तीबरोबरच जवळच्या बंदरात त्याच मॉडेलच्या किती मोटरी चालतात, इम्पेलर व कॉइल कोणत्या दुकानात मिळते आणि सर्व्हिसची पुस्तिका मिळते का, हे विचारून घ्यावे. शेजाऱ्याकडे तीच मोटर असणे, हीदेखील एक प्रकारची हमीच आहे. मॉडेल क्रमांकाची पट्टी रंगाखाली बुजू न देणे आणि तो क्रमांक घरी लिहून ठेवणे, ही दक्षता तर बिनखर्चाची आहे.

प्रत्येक वापरानंतर मोटर गोड्या पाण्यात चालवून आतील मीठ धुऊन काढणे, गिअरचे तेल वेळेवर बदलणे, झिजणाऱ्या जस्ताच्या तुकड्याकडे लक्ष ठेवणे आणि बोल्ट बसवताना त्यांना ग्रीस लावणे, एवढे केले तरी न मिळणाऱ्या भागांची गरज पुष्कळ लांबवता येते. मिळणारे भाग वेळेवर बदलत राहावेत, म्हणजे न मिळणारे भाग टिकतात, हा सत्तर वर्षांच्या मोटरी चालत्या ठेवणाऱ्यांचा अनुभव आजच्या मोटरीलाही तितकाच लागू पडतो.